बिल्ला

शिरोलीच्या फाउंड्रीत दुसरी पाळी लागली
की ऑफिसची काच बारीक थरथरते.
मी मगदूम सरांचा प्रोग्राम वाचत बसते,
एकोणीस वर्षांपूर्वीचं पर्ल.
सर आता कागलला असतात. फोन केला तर म्हणतात,
"चालतंय न्हवं? मग हात लावू नको."

चालत नव्हतं.
पंपाच्या बॉडीचं बिल साडेचौदा किलोचं निघायचं,
ओतल्यावर काट्यावर भरलेले सतरा.
लोखंड कुणी चोरलं नव्हतं.
सरांनी 'ओतीव' नावाचा क्लास लिहिला होता,
प्रत्येक नगाच्या पोटात एक कप्पा: वजन.
साच्यातून निघाल्याबरोबरचं.
मागून कुणीतरी (तारीख पाहिली, मीच)
त्याच्यावरून 'पंपबॉडी' काढला,
वारसा म्हणून सगळं घेतलं,
आणि लेथवरून उतरलेलं वजन
त्याच कप्प्यात, त्याच नावानं ठेवून दिलं.
बापाला विचारलं नाही.
बापानंही दाराला कडी घातली नव्हती.

पर्लमध्ये वस्तू जन्मते ती आशीर्वादानं.
खरंच, तिथला शब्दच तो आहे.
रिकामा हॅश घ्यायचा, डोक्यावर हात ठेवायचा,
की तो अमुक एका कुळाचा झाला.
पण आशीर्वादाबरोबर कुलूप येत नाही.
कुळातला कुणीही येतो, फडताळ उघडतो,
आपलं समजून ठेवतो, आपलं समजून नेतो.

शुक्रवारी आईला घेऊन अंबाबाईला गेले.
बाहेर शेवंताक्का लोहारचा चप्पल-स्टँड.
तिनं चपला घेतल्या, पत्र्याचा बिल्ला दिला:
३१२.
बिल्ल्यात काहीच नव्हतं.
ना चपलेचं माप, ना तुटक्या अंगठ्याची खूण, ना आईचं नाव.
आकडा, आणि दोरी ओवायला भोक.
बाकी सगळं तिच्या पाठीमागं, फळीवर.
शेजारी तिचा मुलगा पिशव्या सांभाळतो.
बिल्ला तोच चालतो, खुंट्या त्याच्या.
त्याच्या ३१२ वर आमची पिशवी,
तिच्या ३१२ वर आईच्या चपला.
एवढी वर्षं खांद्याला खांदा लावून बसतात,
तो तिच्या फळीला हात लावत नाही,
ती त्याच्या खुंटीला.

मी विचारलं, बिल्ला हरवला तर?
"हरवला तर हरवला. पायताण काय पळून जात न्हाई.
खरं बिल्ला परत आला आन् फळी मोकळी करायची ऱ्हायली,
तर भ्या.
उद्या त्योच आकडा दुसऱ्याच्या हातात.
त्येला गेलेल्या माणसाचं पायताण मिळतंय."

आई म्हणाली, चल, रांग वाढायला लागली.
रांगेत मी काय मागितलं आठवत नाही.

त्या रात्री नगांची पोटं रिकामी केली.
हातात उरला नुसता पत्ता, बिल्ल्यासारखा.
ओतीवची फळी ओतीवच्या घरात,
पंपबॉडीची पंपबॉडीच्या,
दोन्ही 'वजन', दोन्ही ३१२,
एकमेकांना न दिसणारी.
आणि नग मरताना काय करायचं तेही लिहिलं:
मुलानं आधी आपली खुंटी झाडायची,
मग आईला हाक मारायची.

हजार नग जन्माला घातले, हजार मारले.
पंपबॉडीच्या खुंट्या मोकळ्या.
ओतीवच्या फळीवर हजारच्या हजार वजनं तशीच,
धनी नसलेली.
झाडायचं लिहिलं होतं, हाक मारायची राहिली होती.
ती एक ओळ घातली तेव्हा
भट्टीवाले डबे उघडत होते.

सकाळी सरांना फोन केला.
"हात लावला, सर."
पलीकडं पाण्याच्या मोटरीचा आवाज.
"माझ्या वजनाचं काय केलंस?"
"आहे ना. तुमच्याच फळीवर, सतरा किलो.
आता मलासुद्धा तिथं हात घालता येत नाही."
मोटर बंद झाली.
"मग कुणाला येतोय?"
"ओतीवला विचारायचं. तो सांगतो."
"बरं," म्हणाले.
थोडं थांबून पुन्हा, "बरं.
आता पुढच्या पोरास्नी सांग,
चालतंय, हात लावू नका."